मागच्या ओळीतल्या आजीला ऐकू यावे म्हणून



या सदरात आम्ही आजवर गळक्या नळापासून इस्त्रीच्या जळक्या वायरीपर्यंत पुष्कळ गोष्टी घरच्या घरी कशा दुरुस्त कराव्यात ते सांगत आलो. आज दुरुस्तीची नव्हे, एक वस्तू नव्याने घडवल्याची हकिगत सांगायची आहे. ती वस्तू म्हणजे ध्वनिवर्धक. आपण सगळे त्याला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतो, तेव्हा आम्हीही तसेच म्हणू.

आमच्या वस्तीतल्या विहारात दरवर्षी वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आपल्यापैकी कित्येक घरांत आहे. पण घरात असणे वेगळे आणि साठ माणसांनी मांडीला मांडी लावून ऐकणे वेगळे. गेल्या वर्षावासात महिला मंडळाने वाचनाचे काम एका ताईवर सोपवले. ही ताई चार घरची धुणीभांडी करते. लग्न होऊन दोन लेकरे झाल्यावर रात्रशाळेत बसून ती दहावी झाली. वाचते अगदी स्वच्छ. पाली शब्द आला तरी अडखळत नाही. पण आवाज मऊ. आणि आमच्या विहाराला छप्पर पत्र्याचे. पावसाची सर आली की पत्र्यावर असा ताशा वाजतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. पाच परिव्राजकांना दिलेल्या पहिल्या प्रवचनाचा भाग चालू होता. बाहेर धो-धो पाऊस. वाचन संपले, आणि मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या आजी उठता उठता म्हणाल्या, "काय गं बाई, जगात सुख हाय असं लिवलंय व्हय? मग आमच्याच वाट्याला कसं न्हाई आलं?"

सारे विहार हसले. ग्रंथात होते 'दुःख', आजींच्या कानी पोचले 'सुख'. आम्हीही हसलो. ताई मात्र हसली नाही.

विहारात अ‍ॅम्प्लिफायर नव्हता असे नाही. पूर्वी कधीतरी वर्गणी काढून घेतलेला एक सेट होता. पण तो चालू केला की आधी स्वतःच गुरगुरायचा, आणि आवाज वाढवला की शिट्टी मारायचा. म्हणून तो कपाटावर धूळ खात होता. त्या रात्री समितीत विषय निघाला. एक गृहस्थ म्हणाले, "आवाज पोचत नसेल तर दुसऱ्या कोणाला वाचू द्या. आपल्यात खणखणीत आवाजाचे पुरुष काय कमी आहेत?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण ताईचा चेहरा उतरला. "दादा, मी मोठ्यानं वाचीन," एवढेच ती म्हणाली. पुढचे दोन दिवस तिने ओरडून वाचले आणि तिसऱ्या दिवशी तिचा घसा बसला.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पहिले पत्र काढले, त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. ज्यांना वाचा नाही त्यांची वाचा, असा त्या नावाचा अर्थ. आणि शंभर वर्षे उलटल्यावर त्यांच्याच विहारात एका बाईचा आवाज मऊ आहे म्हणून तिच्या हातातून ग्रंथ काढून घ्यायचा? आम्ही समितीला म्हटले, "आठ दिवस थांबा. दोष ताईच्या गळ्यात नाही, आपल्या सामानात आहे."

किती वॅटचा करायचा?

तरुणपणी रेडिओ दुरुस्ती शिकलेलो असल्याने सोल्डरिंग आयर्न आमच्या हाताला नवे नव्हते. पुतण्या आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड करतो, तो मदतीला आला. ताईची आठवीतली मुलगी नुसती बघायला म्हणून आली आणि शेवटपर्यंत थांबली.

पहिला प्रश्न ज्याने त्याने हाच विचारला, "किती वॅटचा?" जयंतीला स्पीकरच्या भिंती उभ्या राहिलेल्या पाहून आपल्याला वाटते, जितके वॅट जास्त तितके बरे. पण कानाचा हिशोब वेगळा आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तेवढा फरक कानाला थोडासाच जाणवतो. आवाज दुप्पट वाटावा असे म्हणाल तर वॅट सुमारे दहापट लागतात. म्हणजे ६ वॅटच्या जागी ६० वॅटचे धूड आणले, तरी ऐकणाऱ्याला आवाज दुपटीचाच वाटणार.

उलट फुकटात होणारी एक गोष्ट सांगतो. माईक तोंडापासून एक वीत दूर असेल, तो अर्ध्या वितीवर आणा. माईकला मिळणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. तेवढी वाढ नुसत्या वॅटने करायची तर वॅट चौपट करावे लागले असते. बाबासाहेबांनी आपल्याला प्रत्येक गोष्ट तपासून घ्यायला शिकवले. मग खोक्यावर छापलेले भलेमोठे आकडे तरी न तपासता का मानावेत?

आमचे विहार साधारण वीस फूट बाय तीस फूट. त्याला ५-६ वॅट पुरेसे आहेत, असे आम्ही ठरवले.

सामान काय आणले

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत असले सामान सुटे मिळते. इतर शहरांतही रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांचे एखादे दुकान असतेच.

मुख्य काम टीडीए २०३० या पाच पायांच्या आयसीचे. जुन्या काळी एवढ्या कामाला पाच-सहा ट्रान्झिस्टर जुळवत बसावे लागे, ते सारे या बोटभर तुकड्यात आहे. त्याचा पहिला पाय इनपुटचा, दुसरा फीडबॅकचा, तिसरा उणे व्होल्टचा, चौथा आउटपुटचा आणि पाचवा अधिक व्होल्टचा. बाजारात नकली माल फार आहे, म्हणून ओळखीच्या दुकानातून दोन जास्तीचे घेऊन ठेवावेत. माईकच्या बारीक सिग्नलसाठी एनई ५५३२ हा आठ पायांचा आयसी घेतला. तो स्वतः फार कमी खरखर करतो.

ट्रान्सफॉर्मर आम्ही ९-०-९ व्होल्ट, २ अँपिअरचा घेतला. दुकानदार १२-०-१२ घ्या म्हणत होता. न घेण्याचे कारण ऐका. एसी व्होल्ट डायोडमधून जाऊन मोठ्या कंडेन्सरमध्ये साठले की सुमारे १.४१ पट होतात. बाराचे झाले सतरा. त्यात लोड नसताना ट्रान्सफॉर्मर छापील आकड्याहून थोडे जास्तच देतो, आणि रात्री लाइनचे व्होल्टेज चढते. साध्या टीडीए २०३० ची कमाल मर्यादा अधिक १८ व उणे १८ व्होल्ट आहे. ती ओलांडायला कितीसा वेळ? नऊचे मात्र डायोडचा तोटा वजा जाता बारा होतात. आयसी आयुष्यभर निवांत राहतो.

बाकी सामान असे : १एन ५४०२ जातीचे चार डायोड, ४७०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन कंडेन्सर, १० के चा व्हॉल्यूम कंट्रोल, अर्ध्या अँपिअरचा फ्यूज, तीन पिनांची वायर, पत्र्याची पेटी, आयसी थंड ठेवायला अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी, आणि किरकोळ रेझिस्टन्स-कंडेन्सर. शिवाय चार इंची, ८ ओहमचे चार स्पीकर. माईक विहारात होताच. सगळे मिळून आम्हाला दोन हजारांच्या आत पडले. जोडणीची आकृती आयसी बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात असते आणि ते मोबाइलवर फुकट मिळते. इंग्रजीत आहे म्हणून बिचकू नका. आकृतीला भाषा लागत नाही.

चूक सुधारणारी तार

या आयसीच्या आकृतीत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. चौथ्या पायाकडून, म्हणजे आउटपुटकडून, २२ के चा रेझिस्टन्स परत दुसऱ्या पायावर येतो. दुसऱ्या पायावरून ६८० ओहम आणि २२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, जातो. या दोन रेझिस्टन्सच्या प्रमाणावर सिग्नल किती पट वाढणार ते ठरते. इथे तो सुमारे ३३ पट वाढतो. आयसीची अंगची ताकद त्याहून कितीतरी जास्त आहे, पण तिचा मोठा भाग आपण मुद्दाम सोडून देतो. बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा अंश परत आत येतो, आत आलेल्या आवाजाशी ताडून पाहिला जातो, आणि जो फरक दिसेल तेवढी चूक सुधारली जाते. ही युक्ती हॅरॉल्ड ब्लॅक नावाच्या अमेरिकन इंजिनिअरला ऑगस्ट १९२७ मध्ये, कामावर जाताना बोटीत सुचली. हाताशी दुसरा कागद नव्हता, म्हणून त्याने ती वर्तमानपत्राच्या पानावरच मांडली.

१९२७ म्हटले की आपल्याला महाड आठवते. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, हे आम्ही जाणतो. पण आपली ताकद थोडी बाजूला ठेवून आपलाच आवाज परत ऐकणे आणि चूक सुधारणे, हे ज्या यंत्राला जमते ते स्वच्छ बोलते. हे आपल्या मंडळांना आणि समित्यांना जमले तर किती बरे होईल, असे सोल्डरिंग करताना वाटून गेले खरे.

माईकच्या आयसीला आम्ही १०० के आणि १ के लावून सुमारे १०० पट वाढ दिली. हिशोब पाहा. जवळून बोलल्यावर साधा माईक दोनेक मिलिव्होल्ट देतो. त्याचे शंभर पट म्हणजे ०.२ व्होल्ट, आणि त्याचे ३३ पट म्हणजे साडेसहा व्होल्ट. ८ ओहमच्या स्पीकरवर त्याचे पाच वॅटच्या वर होतात. पाहिजे होते तेवढेच. एनई ५५३२ मध्ये दोन वर्धक असतात. दुसरा वापरायचा नसेल तर त्याचे पाय लोंबते सोडू नका. सातवा सहाव्याला जोडा आणि पाचवा जमिनीला.

सिरीजच्या दिव्याने वाचवले

आता एक सूचना, जी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. नवी जोडणी थेट लाइनला कधी लावू नका. जुना ६० वॅटचा तारेचा दिवा लाइनच्या वाटेत सिरीजमध्ये घालून मगच स्विच दाबा. आत सगळे ठीक असेल तर दिवा क्षणभर चमकून मंद होतो. शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटतो आणि तुमचे सामान वाचते. स्पीकरही लगेच जोडू नका. आधी मल्टिमीटरने चौथ्या पायावरचे डीसी व्होल्ट पाहा. ते जवळजवळ शून्य असले पाहिजेत. पेटीला अर्थिंग हवेच. मुले बरोबर असतील तर २३० व्होल्टच्या बाजूचे काम मोठ्या माणसाने स्वतः करावे आणि ते टोक टेप लावून बंद करावे. बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज काही काळ राहते, हेही ध्यानात असू द्या.

आम्ही स्विच दाबला आणि दिवा भक्कन पेटला. पुतण्याचे तोंड एवढेसे झाले. "काका, सगळं आकृतीप्रमाणंच केलंय." आम्ही जोडणी तपासत होतो, तेवढ्यात ताईची मुलगी म्हणाली, "काका, त्या पुडीतला काचेसारखा कागद राहिला ना?" अभ्रकाचा तुकडा! टीडीए २०३० ची पाठीची पट्टी आतून तिसऱ्या पायाला, म्हणजे उणे व्होल्टला, जोडलेली असते. ती पेटीच्या पत्र्याला नुसती आवळली की शॉर्ट. मध्ये अभ्रक, स्क्रूला प्लास्टिकची टोपी आणि दोन्ही बाजूंना थोडी हीट-पेस्ट लावावीच लागते. अभ्रक बसवला आणि दिवा मंद झाला. त्या दिवसापासून मुलगी बघणारी राहिली नाही. माईकच्या आयसीचे टाके तिच्याच हातचे आहेत.

आणखी एक चकवा. आवाज काहीच नसताना आयसी चटका बसण्याइतका तापू लागला. असे झाले की समजावे, आयसी कानाला ऐकू न येणारी शिट्टी मनातल्या मनात मारतो आहे. व्होल्टच्या तारा लांब झाल्या की असे होते. तिसऱ्या आणि पाचव्या पायाच्या अगदी मुळाशी ०.१ मायक्रोफॅरडची एकेक टिकली आम्ही जमिनीला जोडली. आउटपुटवर १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड ही जोडी लावायची राहिली होती, तीही लावली. आयसी थंड झाला.

गुरगुर कुठून येते?

यंत्र बोलू लागले. पण जुन्या सेटसारखेच गुरगुरू लागले! खरे काम इथून पुढे आहे. जोडणी एका दिवसात होते, सूर लावायला आम्हाला पाच दिवस लागले.

गुरगुर शोधायची सोपी रीत सांगतो. व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. गुरगुर गेली तर ती माईकच्या बाजूने येते आहे. शून्यावरही राहिली तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे वीजपुरवठ्यात किंवा जमिनीच्या तारांत आहे. आमच्याकडे दोन्ही होत्या.

शून्यावर राहणारी गुरगुर जमिनीच्या तारेची निघाली. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेतून मोठ्या कंडेन्सरकडे सेकंदाला शंभर वेळा विजेचे जोरदार झटके जातात. आमच्या हातून इनपुटची जमीन नेमकी त्याच वाटेवर जोडली गेली होती. जिथून ट्रक जातात त्या रस्त्यावर पाळणा टांगल्यासारखे झाले. दोन मोठे कंडेन्सर जिथे मिळतात त्याच्या पुढे आम्ही एक ठाणे ठरवले आणि माईकची, आयसीची, स्पीकरची अशा सगळ्या जमिनी वेगवेगळ्या तारांनी तिथे आणून जोडल्या. एक तार चार बोटे सरकवली आणि गुरगुर थांबली.

माईकच्या बाजूची गुरगुर ट्रान्सफॉर्मरच्या शेजाराने होती. ट्रान्सफॉर्मर पेटीच्या दुसऱ्या टोकाला नेला, स्क्रू ढिले ठेवून हळूहळू फिरवला, आणि जिथे आवाज सर्वांत कमी झाला तिथे आवळला. माईकची वायर आतपर्यंत शिल्डेड घेतली. उरलेली बारीक 'सीऽऽ' आमच्या साठीच्या कानांना ऐकूच येत नव्हती. मुलीला येत होती. वय वाढते तसे माणसाला वरचे सूर ऐकू येईनासे होतात. म्हणून अशा कामात घरातल्या लेकराचा कान जरूर घ्यावा. व्हॉल्यूमचा एक टाका कच्चा होता, तो तिने दाखवला.

आताच्या काळातली एक गंमत. मोबाइलवरून वंदना लावायची म्हणून मोबाइल जोडला तर पुन्हा भुणभुण सुरू! चार्जर काढला आणि शांत. तेव्हा मोबाइल चार्ज करून आणावा, चार्जरला लावून वाजवू नये.

'दुःख' आणि 'सुख'

आता मूळ दुखणे. आवाज मोठा झाला, पण भरदार घुमू लागला. मागच्या ओळीत आजींना बसवले. ताईने 'दुःख' म्हटले, आजी म्हणाल्या, "काय 'उख-उख' म्हणतीया!"

कारण असे. बोलण्यातला जोर स्वरांमध्ये, म्हणजे खालच्या सुरांत असतो. पण शब्दाची ओळख व्यंजनांत असते, आणि त्यातली बरीच वरच्या सुरांतली. खालचे सूर भिंतींत घुमतात आणि व्यंजनांना झाकून टाकतात. त्यात पत्र्यावरचा पाऊस. मग 'धम्म' आणि 'कम्म', 'दुःख' आणि 'सुख' यांतला फरकच पुसला जातो. आवाज मोठा करून उपयोग नाही, घुमणारा भाग कमी केला पाहिजे.

टीडीए २०३० च्या पहिल्या पायाकडे सिग्नल १ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून जात होता आणि त्या पायावर २२ के चा रेझिस्टन्स जमिनीला होता. या जोडीतून पार ७ हर्ट्झपर्यंतचे खालचे सूर जातात. गाण्याला ते बरे, वाचनाला नकोत. आम्ही १ च्या जागी ०.१ लावला, थोडा फरक पडला. मग ०.०४७ लावला. आता सुमारे १५० हर्ट्झच्या खालचे सूर कमी कमी होत गेले. माईकला हात लागल्याचा धडधडाट गेला, घुमारा गेला, उरलीसुरली गुरगुरही उतरली. दोन-तीन रुपयांचा एक कंडेन्सर बदलला एवढेच. ताईचा आवाज पातळ झाला, पण शब्द सुटे झाले.

दुसरा इलाज स्पीकरचा. चार स्पीकर आम्ही एका उभ्या लाकडी खोक्यात एकाखाली एक बसवले. अशा उभ्या ओळीचा आवाज आडवा पसरतो, पण वर-खाली कमी जातो. म्हणजे पत्र्याकडे वाया कमी आणि माणसांकडे जास्त. दोन-दोन सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या समांतर जोडल्या की एकूण पुन्हा ८ ओहमच होतात. पण चारही पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा. सगळे पुढे आले पाहिजेत. एखादा मागे गेला तर त्याच्या तारा उलट करा, नाहीतर तो एकटा बाकीच्यांचा आवाज खातो. आमच्या खोक्यात एक तसा निघालाच.

शिट्टी बंद करायला यंत्रात काही करावे लागले नाही. स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरला की शिट्टी होते. जुना स्पीकर ताईच्या पाठीशी टांगलेला होता. नवा खोका तिच्या पुढे, बाजूच्या खांबाला, बसलेल्यांच्या डोक्याच्या थोडा वर लावला. माईक तोंडापासून चार बोटांवर, जरा तिरका ठेवला, म्हणजे 'प' आणि 'भ' चे फुंकर बसत नाहीत.

नवव्या दिवशी

आठ दिवस मागितले होते, नऊ लागले. नवव्या संध्याकाळी त्रिसरण-पंचशील झाले आणि ताईने ग्रंथ उघडला. समितीने सांगितले म्हणून पहिल्या प्रवचनाचा तोच भाग पुन्हा वाचायला घेतला. निम्म्यावर आली असेल आणि सर कोसळली. पत्रा वाजू लागला. सवयीने तिने आवाज चढवला. तिची मुलगी पेटीजवळ बसली होती. तिने हातानेच खूण केली, 'हळू'. ताईने आवाज खाली आणला. घरात लेकराला गोष्ट सांगावी तशी ती वाचू लागली. साठ माणसे हलली नाहीत.

वाचन झाल्यावर आम्ही मुद्दाम मागे गेलो. "आजी, आज काय ऐकलंत?"

आजी म्हणाल्या, "दुःख हाय म्हनत्यात. ते खरं बोलले. आन् ते जातं कसं, ते उद्या वाचनार हाय ना पोरगी? मी येनार हाय."

'पुरुषाला वाचू द्या' म्हणणारे गृहस्थ शेजारीच होते. ते म्हणाले, "उद्यापासून माझ्या सुनेलाही पाळी द्या. तिला वाचता येतं, पण ती लाजते." यापेक्षा मोठी पावती आम्हाला नको होती. वर्षावास संपेपर्यंत पाच जणी वाचू लागल्या.

दोन शब्द सांगून आवरते घेतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. काही अपवाद सोडले तर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आमचा आवाज विहाराच्या दारापर्यंत पोचतो आणि तिथेच थांबतो. शेजारच्या दहावीच्या मुलाचा अभ्यास त्याने मोडत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत छाती हादरवणारा आवाज लावण्यात तरुणांना आनंद वाटतो, ते आम्ही समजू शकतो. पण हजारो वॅट लावून जे ऐकू जात नाही, ते सहा वॅटमध्ये मागच्या ओळीतल्या आजीला ऐकू गेले, हे आम्ही या डोळ्यांनी पाहिले आहे. वर्गणीतले दोन हजार त्या कामाला काढून ठेवावेत, एवढीच विनंती.

आणि हो, ज्या घरात सोल्डरिंग आयर्न आहे, त्यांनी ते मुलींच्याही हाती द्यावे. ताईच्या मुलीने आता कपाटावरचा जुना सेट खाली काढला आहे. "काका, ह्याची जमीन पण चुकीच्या जागी जोडलीय," असे तिचे म्हणणे आहे. आम्ही पाहिले, तिचे बरोबर आहे.

जयभीम.